तेलताड लावण्याआधी गिरणी कुठे आहे ते विचारा

रेशनच्या दुकानात कार्डावर मिळणारे पामोलिन तेल आपल्या जिल्ह्यातल्या जाणत्या माणसांना आठवत असेलच. थंडीत ते डब्यात थिजायचे आणि आया-बहिणी डबा उन्हात नेऊन ठेवायच्या. हे तेल ज्या झाडापासून मिळते त्या झाडाविषयी अलीकडे पुन्हा चौकशी सुरू झाली आहे. पंचायत समितीत कामासाठी आलेला एखादा बागायतदार जाता जाता दारात थांबतो आणि विचारतो, "साहेब, ह्यो तेलताड लावूचो काय?" त्याने कुठेतरी ऐकलेले असते की केंद्र सरकारने तेलताडासाठी हजारो कोटींची योजना काढली आहे, रोपांना अनुदान आहे, आणि आंध्रातले शेतकरी या झाडावर चांगले कमावतात. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तरीही "लावा" असे सरळ उत्तर देता येत नाही. का देता येत नाही, ते या लेखात जरा सविस्तर सांगतो.

योजनेचे आधी पाहू. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल बाहेरून येते आणि त्यात सर्वात मोठा वाटा पामतेलाचा. ते मुख्यतः इंडोनेशिया आणि मलेशियातून येते. एप्रिल २०२२ च्या अखेरीस इंडोनेशियाने निर्यात बंद केली. बंदी जेमतेम तीन-साडेतीन आठवडे टिकली, पण तेवढ्यात तेलाच्या पिशवीचे भाव कुठे गेले ते घरच्या बाईला विचारा. हे परावलंबन कमी व्हावे म्हणून ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्राने राष्ट्रीय खाद्यतेल अभियान – तेलताड ही ११,०४० कोटी रुपयांची योजना मंजूर केली होती. त्या वेळी देशात तेलताड सुमारे ३.७० लाख हेक्टरांवर होता. तो २०२५-२६ पर्यंत १० लाख हेक्टरांवर न्यायचे उद्दिष्ट ठेवले गेले. रोपांसाठीचे अनुदान हेक्टरी १२ हजारांवरून २९ हजार रुपये करण्यात आले.

आपल्या जिल्ह्याला हे झाड अगदीच परके नाही. १९९१-९२ मध्ये तेलबिया तंत्रज्ञान अभियानाखाली तेलताड विकास कार्यक्रम सुरू झाला, त्या दशकात सिंधुदुर्गात आणि शेजारी गोव्यातही लागवडी झाल्या. कुडाळ तालुक्यात मुळदे येथे कोकण कृषी विद्यापीठाच्या संशोधन केंद्रावर या पिकाचे प्रयोग झालेले आहेत. पण आंबा-काजूसारखा हा ताड आपल्याकडे पसरला नाही. देशातल्या उत्पादनाचे ९८ टक्के आंध्र प्रदेश, तेलंगण आणि केरळ या तीन राज्यांतच होत असल्याचे केंद्राने ही योजना आणताना सांगितले होते. त्यातही केरळचा वाटा लहान. खरा डोलारा गोदावरीच्या दोन्ही काठांवर आहे.

झाड कसे असते?

नावात ताड असला तरी हा ताडगोळ्यांचा ताड नव्हे. हा मूळचा पश्चिम आफ्रिकेतला. दिसायला माडासारखा, पण खोड जाड, आणि फळांचे घड झावळ्यांच्या बेचक्यात घट्ट बसलेले. एका घडात शेकडो लहान फळे, पिकली की नारिंगी-लाल. एका घडाचे वजन दहा ते पंचवीस किलो. फळाच्या गरातून एक तेल निघते, तेच पामतेल. आतल्या बीच्या मगजातून दुसरे निघते, ते गुणाने खोबरेलाच्या जवळचे.

या झाडात कवचावरून तीन प्रकार मानतात. जाड कवचाचा ड्युरा, बिनकवचाचा पिसिफेरा, आणि दोघांच्या संकरातून झालेला पातळ कवचाचा टेनेरा. पिसिफेराला बहुधा फळच धरत नाही. लागवडीला टेनेराच हवा, कारण त्याच्या फळात गर जास्त. हे कवचाचे गणित १९४१ मध्ये बेल्जियन काँगोत उलगडले आणि तिथून या पिकाचे नशीब फिरले. तुम्हाला यातून घ्यायची गोष्ट एवढीच की टेनेराच्या बागेत पडलेले बी उचलून रोपे केली तर चारातले एक झाड ड्युरा आणि एक पिसिफेरा निघते. म्हणजे निम्मी बाग बिघडली, आणि ते कळते चौथ्या वर्षी. घरच्या नारळाचे रोप करायची आपली सवय इथे चालत नाही. शिवाय बी सहज रुजतही नाही. त्याला दोन-अडीच महिने ४० अंशांच्या आसपास कोरडी ऊब द्यावी लागते. तेव्हा रोप मान्यताप्राप्त रोपवाटिकेचेच घ्यावे, बारा ते चौदा महिन्यांचे, आणि पावती जपून ठेवावी.

लागवड ९ मीटर अंतराने त्रिकोणी पद्धतीने करतात. हेक्टरी १४३ झाडे बसतात, म्हणजे एकरी ५७. पहिली तीन वर्षे उत्पन्न नाही. सुरुवातीचे फुलोरे काढूनच टाकायचे असतात, म्हणजे झाड अंग धरते. साडेतीन-चार वर्षांनी तोडणी सुरू होते, आठव्या वर्षापासून पूर्ण उत्पन्न, आणि बाग पंचवीस-तीस वर्षे चालते. मोकळ्या पहिल्या वर्षांत केळी, अननस, भाजीपाला घ्यावा. पुढे सावली दाटली की आंध्रातले शेतकरी कोको लावतात.

एकाच झाडावर नर आणि मादी फुलोरे वेगवेगळे येतात. फळ धरते मादीवर. आता गंमत बघा, झाडाला पाण्याचा ताण बसला किंवा झावळ्या जास्त तोडल्या की नर फुलोरे वाढतात आणि मादी कमी होतात. तो परिणाम लगेच दिसत नाही, दीड-दोन वर्षांनी दिसतो. त्यामुळे या वर्षी घड का कमी आले याचे कारण शेतकरी या वर्षीच्या खतात शोधतो, आणि ते असते दोन वर्षांमागच्या उन्हाळ्यात. परागीकरण करतो एक बारीक भुंगा. मलेशियात पूर्वी हे काम मजूर लावून हाताने करत. १९८१ मध्ये कॅमेरूनमधून हा भुंगा तिथे आणून सोडला आणि मजुरांचे ते कामच संपले. भारतात तो १९८५ मध्ये आणला गेला. त्याला घाबरून फुलोऱ्यावर औषध मारू नका. माडाला त्रास देणारे गेंडा भुंगा आणि सोंड्या मात्र इथेही त्रास देतात, आणि खाली पडलेल्या फळांवर रानडुक्कर आणि साळिंदर तुटून पडतात.

पाऊस आपला भरपूर, पण…

तेलताडाला वर्षाला अडीच ते चार हजार मिलिमीटर पाऊस लागतो असे पुस्तकात वाचले की आपला माणूस खूश होतो. कोकणात तीन हजार मिलिमीटर पडतोच की! पण त्याच पुस्तकात पुढची ओळ अशी असते की हा पाऊस बारा महिन्यांत वाटून पडला पाहिजे, महिन्याला साधारण दीडशे मिलिमीटर. आपल्याकडे तो चार महिन्यांत कोसळतो आणि कातळावरून वाहून खाडीला जातो. डिसेंबर ते मे झाड कोरड्यात उभे. म्हणून पाऊस कितीही असला तरी सिंधुदुर्गात हे बागायती पीकच समजावे.

पूर्ण वाढलेल्या झाडाला उन्हाळ्यात दिवसाला दीडशे ते दोनशे लिटर पाणी लागते, कडक उन्हात त्याहूनही जास्त. दोनशे धरले तर एकरातल्या ५७ झाडांना रोज ११,४०० लिटर. पाच महिन्यांचे झाले सतरा लाख लिटर. आता स्वतःच्या विहिरीकडे बघा. मार्चनंतर तिला किती पाणी असते आणि त्यातले आंब्याच्या कलमांना, माडा-पोफळीला, घराला किती जाते, ते तुमचे तुम्हाला माहीत. ठिबक केले तर पाणी वाचते, पण विहिरीतच नसेल तर नळीतून काय येणार? आंध्र-तेलंगणातल्या बागाही बोअरच्या पाण्यावर उभ्या आहेत आणि पाण्याचा उपसा हा तिथलाही चिंतेचा विषय आहे.

खतही कमी लागत नाही. तिसऱ्या वर्षापासून झाडाला वर्षाला १२०० ग्रॅम नत्र, ६०० ग्रॅम स्फुरद आणि १२०० ग्रॅम पालाश अशी शिफारस आहे. बाजारातल्या भाषेत सांगायचे तर झाडामागे सुमारे २.६ किलो युरिया, पावणेचार किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि दोन किलो म्युरेट ऑफ पोटॅश. शिवाय ५०० ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट. आपल्या जांभ्या जमिनीत आणि धो धो पावसात हे एकदम टाकले तर निम्मे वाहून जाईल. तीन-चार हप्त्यांत आळ्यात द्यावे. तोडलेल्या झावळ्या जाळू नयेत, आळ्यात पसराव्यात. ओल टिकते.

तोडणीनंतरचे चोवीस तास

आता मुख्य मुद्दा. आपण लावतो ती पिके जरा डोळ्यांपुढे आणा. काजूची बी वाळवून पोत्यात भरली की दर येईपर्यंत ठेवता येते. नारळ खळ्यात महिनाभर पडला तरी त्याला काही होत नाही. दोडामार्ग-सावंतवाडीकडे ज्यांनी रबर लावले आहे ते शीट धुरावून माळ्यावर ठेवतात आणि व्यापाऱ्याला सांगतात, "पुढच्या आठवड्यात ये." तेलताडाच्या शेतकऱ्याला असे म्हणता येत नाही. घड झाडावरून उतरला की घड्याळ सुरू होते.

त्याचे कारण फळातच आहे. गरात तेलाबरोबर एक पाचक द्रव्यही असते. फळ झाडावर अखंड असते तोवर ते गप्प राहते. घड जमिनीवर आपटला, फळ चेपले, की ते तेलाला भेटते आणि तेल फोडू लागते. त्यातून मोकळी आम्ले तयार होतात. आम्लता वाढलेले तेल शुद्ध करताना घट जास्त येते, म्हणून गिरणी त्याला कमी दर देते, फारच वाढली तर तेल खाण्यालायक राहत नाही. म्हणून नियम असा की तोडलेला घड चोवीस तासांच्या आत गिरणीत वाफेखाली गेला पाहिजे.

गिरणीत पहिले काम वाफेचेच. मोठ्या बंद टाक्यांत घड भरून तासभर ते दीड तास दाबाखाली वाफवतात. त्याने ते पाचक द्रव्य मरते आणि फळे देठापासून सुटी होतात. मग फिरत्या पिंपात घड आपटून फळे वेगळी काढतात, ती गरम भांड्यात घुसळून मऊ करतात आणि मळसूत्री दाबयंत्रात पिळतात. जे लाल-नारिंगी तेल निघते त्यात पाणी आणि गाळ असतो. तो निवळून, तेल सुकवून कच्चे पामतेल तयार होते. पुढे शुद्धीकरण कारखान्यात त्याचा रंग आणि वास काढतात, आणि थंड करून पातळ भाग वेगळा करतात. तोच आपला पामोलिन. घट्ट भाग साबण आणि वनस्पती तुपाकडे जातो. पिळून उरलेला चोथा आणि बीची कवचे बॉयलरमध्ये जळतात आणि त्यावरच गिरणीची वाफ आणि बरीचशी वीज होते. रिकामे घड शेतात आच्छादनाला परत नेता येतात. वाया जाणारे फारसे काही नाही, पण सांडपाणी मात्र तेलकट आणि दाट असते. ते तसेच वहाळात सोडले तर मासे मरतील. ज्या गावाच्या हद्दीत गिरणी येईल त्या ग्रामपंचायतीने हे आधी विचारून घ्यावे.

शंभर किलो घडांतून आपल्या देशात साधारण सतरा ते एकोणीस किलो तेल निघते. उसाच्या भाषेत बोलायचे तर हा उतारा. तो शेतकऱ्याच्या कोयत्यावरही अवलंबून आहे. घडातली पाच-दहा फळे आपोआप गळून पडली की घड तयार झाला असे समजावे. घाईने कच्चा तोडला तर तेल कमी, उशीर केला तर फळे गळून गवतात हरवतात. ही गळालेली फळेच सर्वांत जास्त तेलाची असतात, ती वेचून पोत्यात भरली पाहिजेत. तोडणीची फेरी दर दहा-बारा दिवसांनी, वर्षभर, पावसातसुद्धा. झाड लहान असेपर्यंत छिन्नीने काम भागते. उंच झाल्यावर लांब दांड्याला विळा बांधून खालूनच कापावे लागते. पाडेली माडावर चढतो तसे इथे चढायचे नाही, पण हेही कौशल्याचे आणि जोखमीचे काम आहे. वीस किलोचा काटेरी घड वरून येतो, खाली उभे राहणाऱ्याने जपून राहावे. नारळ काढायला माणूस मिळेना अशी आपली आजची स्थिती. दर दहा दिवसांनी हा गडी कुठून आणणार, याचा विचार लागवडीच्या आधी करावा.

किती बागेला एक गिरणी?

मला वाटते, आपल्या जिल्ह्याचा प्रश्न इथे अडतो. कागदावर हिशेब करू. ताशी पाच टनांची गिरणी, मोठी नव्हे, दिवसाला सोळा तास आणि वर्षाला तीनशे दिवस चालली तर तिला २४ हजार टन घड लागतात. हेक्टरी १५ टन उत्पन्न धरले तर १६०० हेक्टर, म्हणजे चार हजार एकर बाग हवी. तीही पाण्याखालची, आणि गिरणीपासून ट्रक एका दिवसात जाऊन येईल एवढ्या टापूत. आपल्याकडे सातबाऱ्यावर दहा नावे, वाटणी झालेली नाही, कुणी मुंबईला, कुणी पुण्याला. एका माणसाचे दीड एकर खाडीकडे आणि दोन एकर डोंगरात. चार हजार एकर एका टापूत सोडाच, चाळीस एकर सलग दाखवा म्हटले तर बऱ्याच गावांत पंचाईत होईल.

लहान गिरणीचे तंत्र आपल्या देशात तयार झालेले आहे. तिरुवनंतपुरमच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेने त्यावर काम केले. पण गिरणी लहान झाली म्हणून चोवीस तासांचा नियम सैल होत नाही, आणि बॉयलरचा खर्च टनामागे वाढतो. भाताच्या गिरणीसारखी वाडीत बसवता येईल अशी ही वस्तू नाही.

गोदावरीकाठी हे जमले त्याची कारणे वेगळी आहेत. पश्चिम गोदावरीतली जमीन सपाट, रस्ते ट्रक जाणारे, एकेका शेतकऱ्याचे क्षेत्र सलग. १९९५ पासून एलूरजवळ पेदवेगी येथे तेलताडाची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे, म्हणजे झाड पिवळे पडले तर विचारायला माणूस जवळ. आणि १९९३ मध्ये आंध्रने तेलताडासाठी खास कायदा केला. त्याप्रमाणे एकेका गिरणीला टापू नेमून दिला जातो. त्या टापूतला शेतकरी माल त्याच गिरणीला देतो आणि गिरणीने तो घेतला पाहिजे. दर ठरवण्यात सरकारचा हात राहतो. पुढे तेलंगणात गेलेल्या अश्वारावपेट भागात तर गिरणी सहकारी तेलबिया महासंघाची आहे. नेमून दिलेला टापू हे दुधारी शस्त्र आहे हे खरे, कारण दुसरीकडे माल नेता येत नाही. पण घड रस्त्यावर सडत पडत नाही, ही हमी मिळते.

मिझोराममध्ये उलटा अनुभव आला. तिथे २००४ च्या सुमारास डोंगरउतारांवर लागवडीचा धडाका लावला गेला. रोपे पोचली, पण रस्ते पोचले नाहीत. गिरणी लांब, आणि कित्येकांनी घड तोडलेच नाहीत किंवा तोडून वाटेवर टाकले. आपला भूभाग गोदावरीच्या काठासारखा आहे की मिझोरामसारखा, ते घाटाकडच्या गावांनी स्वतःच ठरवावे. आणि जिथे आज राई आहे, झाडोरा आहे, तो तोडून ताड लावावा असे कुणी सुचवले तर ऐकू नये. इंडोनेशियात जंगले जाळून बागा केल्या त्याचा धूर सिंगापूरपर्यंत गेला होता.

दर कोण ठरवतो

घडाचा दर कच्च्या पामतेलाच्या दराशी बांधलेला असतो. कच्चे तेल टनाला एक लाख रुपये असेल तर केंद्राच्या योजनेतल्या १४.३ टक्क्यांच्या सूत्राप्रमाणे घडाला टनाला १४,३०० रुपये पडतात. पण कच्च्या तेलाचा दर ठरतो क्वालालंपूरच्या बाजारात, आणि त्यावर दिल्लीतून आयात शुल्क किती लागते त्यावर. २०२२ च्या उन्हाळ्यात आंध्र-तेलंगणात घडाचा दर टनाला वीस हजारांच्या पुढे गेला होता. पुढच्या वर्षी तो तेरा हजारांच्या आसपास घसरला. एकरी आठ टन धरले तर १ लाख ६० हजार आणि १ लाख ४ हजार, असा ५६ हजारांचा फरक, तोही शेतकऱ्याने काहीही वेगळे न करता. खत, पाणी, तोडणी, वाहतूक यांचा खर्च दोन्ही वर्षी तेवढाच. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या तेलावरचे मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्के झाले, उत्पादक खूश झाले. मे २०२५ च्या अखेरीस ते १० टक्क्यांवर आणले गेले. शहरातल्या गिऱ्हाइकाला तेल स्वस्त हवे, शेतकऱ्याला महाग. सरकार कधी इकडे झुकते, कधी तिकडे.

यावर उपाय म्हणून २०२१ च्या योजनेत हमीसारखी तरतूद केली आहे. मागच्या पाच वर्षांच्या सरासरी तेलदरावरून, महागाई धरून, एक किफायतशीर दर काढायचा आणि प्रत्यक्ष मिळालेला दर त्याहून कमी असेल तर फरक थेट शेतकऱ्याच्या खात्यात. तरतूद चांगली आहे. पण तिला मुदत आहे, १ नोव्हेंबर २०३७ ची. आज लावलेली बाग तेव्हा ऐन भरात असेल आणि पुढे पंधरा वर्षे तरी उभी राहील. शिवाय ही योजना राज्याने राबवली तरच लागू होते.

उताऱ्यावरूनही भांडणे होतात. एक टक्का उतारा म्हणजे टनामागे दहा किलो तेल. तेलंगणात धरलेला उतारा आंध्रपेक्षा जास्त होता, म्हणून तिकडच्या दराची मागणी आंध्रच्या शेतकऱ्यांनी कित्येक वर्षे लावून धरली होती. हे तिथे घडले, जिथे कायदा आहे आणि शेतकरी संघटित आहेत.

कुणी करार घेऊन आले तर

उद्या एखाद्या कंपनीचा माणूस रोपे आणि करारनामा घेऊन गावात आला तर त्याला हाकलून द्या असे मी म्हणत नाही. चहा पाजा आणि विचारा. गिरणी कुठे आहे, उभी आहे की व्हायची आहे? व्हायची असेल तर कुठल्या वर्षी, आणि तोपर्यंत चौथ्या वर्षाचे घड कोण नेणार? वजनकाटा गावात असेल की गिरणीवर? वाहतूक कुणाच्या माथी? दराचे सूत्र करारात लिहिले आहे की "कंपनी ठरवेल तो" असे आहे? पैसे किती दिवसांत? आणि शेवटचा प्रश्न बहुतेक कुणी विचारत नाही: कंपनीने काम बंद केले तर झाडे काढण्याचा खर्च कोण देणार? मोठा ताड उपटणे म्हणजे जेसीबीचे काम आहे. दर पडले तेव्हा दक्षिणेत बागा उपटण्याची वेळ काही शेतकऱ्यांवर आलेली आहे.

सरपंच आणि ग्रामपंचायत सदस्यांना एक विनंती. करारनामा मराठीत मागून घ्या आणि ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवा. एकेकट्याने घरात बसून सही केली की पुढे गाव एक राहत नाही. इच्छुकांची यादी करताना नावापुढे एकरच लिहू नका, एप्रिलमध्ये विहिरीला किती हात पाणी असते तेही लिहा. ट्रक कुठपर्यंत येतो, साकव किती टनांचा आहे, पावसाळ्यात कुठला रस्ता बंद होतो हे सगळे त्याच कागदावर आले पाहिजे. शेजारच्या पाच-दहा गावांची अशी यादी एकत्र केली तर चार हजार एकर जमतात की चारशे, ते आठवड्यात कळेल, आणि कंपनीशी बोलायला हातात काही असेल.

ज्यांना पाणी भरपूर आहे, सलग जमीन आहे आणि हौसही आहे, त्यांनी आधी मुळद्याला जाऊन झाडे बघावीत, तिथल्या शास्त्रज्ञांशी बोलावे. जमले तर चार-पाच जणांनी मिळून पेदवेगी-अश्वारावपेटची फेरी करावी. पण ही फेरी श्रावणात करू नका. तेव्हा सगळीच बाग हिरवी दिसते. एप्रिलच्या अखेरीस जा, दुपारी गिरणीच्या दारात उभे राहा, रांगेतल्या ट्रॅक्टरवाल्यांना विचारा की घड कधी तोडला, किती वेळ रांगेत आहात आणि मागच्या महिन्याचे पैसे मिळाले का. तिथे हिंदी चालते.